काचेपलीकडून कोण लिहितं

“तूच लिहितोस हे! एवढी तिखट जीभ या इमारतीत दुसऱ्या कुणाची नाही,” असं म्हणत मालकांनी मोबाइल माझ्या नाकाला लागेल इतका जवळ आणला. इतक्या जवळून कुणाला काय वाचता येणार! मी म्हणालो, “मी नाही लिहीत.” “मग कोण लिहितं? खुर्च्या?” “मला काय माहीत. खुर्च्यांना विचारा.” “बघा, बघा! हेच! हेच वाक्य आता त्यात येणार!” असं म्हणत मालक बाबांकडे वळले. माझे बाबा इथले रेकॉर्डिस्ट. ते यंत्राकडे तोंड करून बसले होते आणि दोन माणसं आपल्या डोक्यावरून भांडतायत याचा पत्ताच नसल्यासारखा आवाजाचा एक खटका मागेपुढे सरकवत होते. ते म्हणाले, “हं.” काचेपलीकडे बाई हाताची घडी घालून, माइककडे पाठ करून बसल्या होत्या. बाई म्हणजे आमच्याकडे कादंबऱ्या वाचतात त्या, लोक कानात लावून ऐकतात तसल्या. एक जाडजूड कादंबरी अर्धी वाचून झालेली, आणि आज आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की मोबाइलवरच्या त्या गोष्टी लिहिणारं कोण आहे हे कळल्याशिवाय मी पुढचं पान उलटणार नाही. आता अर्धी कादंबरी एका गळ्यात आणि अर्धी दुसऱ्या गळ्यात कोण ऐकून घेईल? मालकांचं सगळं त्या एका गळ्यात अडकलेलं. बोलायचं बटण कुणी दाबलेलं नव्हतं, त्यामुळे आमचं भांडण काचेपलीकडे जात नव्हतं, पण बाई मधूनच मान वळवून आमचे हातवारे बघून घेत होत्या. “संध्याकाळपर्यंत थांबतो,” मालक म्हणाले. “नाव आण. स्वतःचं आण नाहीतर दुसऱ्याचं आण. नाही आणलंस तर उद्यापासून येऊ नकोस.” आणि मग बाबा, जे एरवी अख्खं वाक्य बोलायला तयार नसतात, ते पाठमोरेच म्हणाले, “मग आत्याकडे जायचं. तिथल्या शाळेत.” माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, “ठेवा तुमचा स्टुडिओ तुमच्या खिशात,” आणि दार आपटून बाहेर पडलो.

म्हणजे आपटायला गेलो. स्टुडिओचं दार आपटता येत नाही. जाड असतं, कडेला रबर असतं, तुम्ही कितीही जोर लावा, ते आपल्या मर्जीनेच येतं आणि फुस्स करून बसतं, जाडा माणूस सोफ्यावर बसावा तसं. या दाराने माझे कितीतरी राग वाया घालवलेत. तरी मी मागे वळून त्याच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि खाली येऊन इमारतीच्या पायरीवर बसलो. समोर कुलपं-किल्ल्या विकणारा माणूस किल्ली घासत होता, किर्रर्र थांब, किर्रर्र थांब, आणि मी आपोआप मनात त्यातलं किर्रर्र कापून थांब तेवढं ठेवत होतो. कामाची सवय. वर माझं काम हेच आहे, कापाकापी. बाई वाचतात, मध्ये श्वास घेतात, आवंढा गिळतात, खोकतात, पान उलटतात. ते सगळं मी शोधून शोधून काढून टाकायचं. पण नुसतं काढून चालत नाही. काढलं तिथे भोक पडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मशीन बंद पडलं. म्हणून दर वेळी वाचन सुरू होण्याआधी मिनिटभर सगळ्यांनी श्वास धरून उभं राहायचं आणि रिकाम्या खोलीची शांतता भरून घ्यायची, आणि मग खोकल्याच्या जागी त्या शांततेचं ठिगळ लावायचं. दुसऱ्या खोलीची शांतता चालत नाही. मला हे आधी थाप वाटली होती. पण खरंच आहे, प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते. आमच्या स्टुडिओची शांतता जरा घुमी आहे, मालकांच्या केबिनची पातळ आहे, आणि आमच्या घरातली, शाळा सुटल्यापासूनची, ती मला नीट ओळखता येते पण तिचं नाव सांगता येत नाही. ती मला झोपेतसुद्धा ऐकू येते. जाऊ दे.

तर ‘काचेपलीकडून’. बरेच महिने झाले, हे मोबाइलवर येतं. रोज नाही, मधूनमधून. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही, वर नुसतं ‘काचेपलीकडून’ आणि खाली एका रेकॉर्डिंग स्टुडिओतली गोष्ट. त्यात एक मालक आहेत, त्यांना सगळे ‘पुन्हाएकदा-साहेब’ म्हणतात, कारण कितीही चांगलं झालं तरी ते म्हणतात, छान, पुन्हा एकदा घेऊ या. एक ‘हंकाका’ आहेत, त्यांनी लग्नात मुलीला होकारसुद्धा ‘हं’ एवढाच दिला म्हणे. एक ‘गळाराणी’ आहेत, त्या स्वतःच्या गळ्याला अहोजाहो करतात. आणि एक पोरगा आहे, ‘काडेपेटी’. तो कुणाशीही, कशावरूनही, अगदी लिफ्टशीसुद्धा भांडतो. आता तुम्हीच सांगा, यात ओळखायला काय उरलं? सगळ्यात जास्त लोकांनी वाचली ती शांततेची गोष्ट. पुन्हाएकदा-साहेबांना मिनिटभर शांतता भरून हवी असते, काडेपेटीच्या पाठीला खाज सुटते, तो खाजवत नाही पण दात खातो, दात खाल्ल्याचा आवाज येतो, साहेब ओरडतात “शांत रहा!”, झालं, शांततेत ओरडणं भरलं जातं. पुन्हा एकदा. मग गळाराणी म्हणतात, “तुम्ही ओरडू नका हो,” तेही भरलं जातं. पुन्हा एकदा. शेवटी सगळे निघून जातात, दिवे घालवतात, तेव्हा कुठे शांतता होते, पण ती भरून घ्यायला कुणी उरलेलं नसतं. मी ही पहिल्यांदा वाचली तेव्हा याच पायरीवर बसून इतका हसलो की किल्लीवाल्याने घासणं थांबवलं. आणि मग लगेच राग आला. माझ्या दातांबद्दल लिहिणारा हा कोण?

त्याखाली वाचणाऱ्यांची जत्राच भरलेली असते. मला गोष्टींपेक्षा कधीकधी तेच आवडतं. एक जण लिहितो, हा माणूस साठीच्या पुढचा, इतकी मुरलेली चिडचिड तरुणांना झेपत नाही. दुसरा लिहितो, बायकोने घराबाहेर काढलेला रेकॉर्डिस्ट आहे, स्टुडिओतच झोपतो. एक बाई ठासून सांगतात की गळाराणी स्वतःच लिहितायत, कारण बाकी सगळ्यांची वाक्यं लहान आहेत आणि गळाराणींना बोलायला जागा जास्त मिळते. यावर कुणीतरी लिहिलेलं, अहो, मग ती पोट गुरगुरल्याची गोष्ट त्या स्वतःबद्दल कशाला लिहितील? मग त्यांचं जे जुंपलं ते दोन दिवस चाललं. एक जण दर गोष्टीखाली फक्त ‘मला माहीत आहे कोण ते’ असं लिहून निघून जातो. तो मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो. माहीत आहे तर सांग ना बाबा! आणि एकाने, तो खरा हुशार, लिहिलेलं की हा लेखक आंधळा असावा. का? तर सगळ्या गोष्टींत मिळून एकही माणूस कसा दिसतो ते नाही. उंच का बुटका, टक्कल का केस, काही नाही. नुसती माणसं बोलतात. हे मी वाचलं आणि मला एकदम कसंतरी झालं, कारण ते बरोबर होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या लक्षात न येणं म्हणजे काय! मी असतो तर सगळ्यात आधी मालकांच्या शर्टाचं ते पोटावरचं बटण लिहिलं असतं, जे कायम जीव मुठीत धरून असतं. बाईंचा तो लोकरीचा रुमाल लिहिला असता, उकाड्यातसुद्धा गळ्याला गुंडाळलेला. बाबांची मान लिहिली असती. बाबांची मान मागून बघितली की कळतं ते ऐकतायत की नाही. मी हे मालकांना सांगणार होतो आत्ता, की बघा, मी लिहिलं असतं तर तुमचं बटण आलं असतं, पण तेवढं बरं झालं, नाही सांगितलं.

खरी गोम वेगळीच आहे. मला त्यांनी ‘तूच लिहितोस’ म्हटल्यावर आधी राग आला नव्हता. आधी बरं वाटलं होतं. अगदी क्षणभर, पण वाटलं. कारण आजपर्यंत कुणी माझ्यावर आरोप केला की ‘तूच फोडलंस’, ‘तूच मारलंस’, ‘तूच पळालास’ असाच केला. ‘तूच लिहिलंस’ हे पहिल्यांदाच. ज्या शाळेने माझ्या निबंधावर लाल रेघ मारून ‘विषयाला सोडून’ लिहिलं, ती शाळा आठवली. ती मी सोडली कशी, तर सरांनी मला सगळ्यांसमोर वाचायला उभं केलं, मी अडखळलो, कुणीतरी हसलं, आणि माझ्या हातात नेमकं डस्टर होतं. डस्टर खिडकीला लागलं, माणसाला नाही, पण आवाज मोठा झाला. दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत आई आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. त्या बोलत होत्या, बोलत होत्या, याचं असं आणि याचं तसं, आणि आई टेबलाच्या पायाकडे बघत गप्प. मला वाटत होतं, आई, काहीतरी बोल. माझ्या बाजूने नको, त्यांच्या बाजूने बोल, मला शिव्या घाल, पण बोल. तिच्या तोंडाचे स्नायू नुसते हलत होते. शेवटी ती उठली, मला उठवलं आणि आम्ही घरी आलो. मी दुसऱ्या दिवशी गेलोच नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आणि मग कुणी विचारेनासं झालं. बाबांनी मला स्टुडिओत आणलं. आणि आई त्या खोलीतून बाहेर पडली ती अशीच, टेबलाच्या पायाकडे बघत. ती आधी किती बोलायची! ती कपड्यांची दुरुस्ती करते घरी, फिटिंग, चेन बदलणं, पॅन्ट आखूड करणं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नक्कल करायची. माझी शाळा सुटल्यावर तिने कामं जास्त घेतली आणि नकला बंद झाल्या. आम्ही दोघं जेवत असतो तेव्हा ती मशीनवर असते, तोंडात टाचण्या धरलेल्या, मान खाली. मी दिवसभराचं बडबडत असतो, मालक असे म्हणाले, बाई तशा म्हणाल्या, मग मी असं म्हणालो. खरं सांगायचं तर मी ते सगळं त्या मशीनवरच्या मानेलाच सांगत असतो. बाबा ‘हं’ करतात. ती काहीच करत नाही. मग मी अजून रंगवून सांगतो. मग त्या शांततेचा राग येतो आणि मी ताट सरकवून उठतो. मला पक्कं वाटायचं, आईचा आवाज मीच कापून टाकला, आणि त्या जागी लावायला ठिगळसुद्धा नाही.

पायरीवर बसून बसून पाय अवघडले. संध्याकाळपर्यंत नाव आणायचं होतं. मी ठरवलं, सगळ्या गोष्टी पुन्हा वाचायच्या, पण हसायचं नाही, कापायला बसतो तसं वाचायचं, कुठे श्वास ऐकू येतो ते बघत. पोटाची गोष्ट काढली. त्यात गळाराणी दुःखाचा प्रसंग वाचत असतात, नायिका शेवटच्या घटका मोजत असते, आणि गळाराणींचं पोट गुरगुरतं. अलीकडे बसलेले पुन्हाएकदा-साहेब पुटपुटतात, “आज उपाशी आल्या वाटतं. माइकला खाऊ नका म्हणावं.” आणि पलीकडून गळाराणी ताडकन म्हणतात, “तुम्ही खायला घातलंत तर ना!” इथे लोक गडबडा लोळले होते. मी पुन्हा वाचलं. पुन्हा. आणि मला तिथे कुसळ लागल्यासारखं काहीतरी लागलं. ऐकू कसं गेलं? साहेब पुटपुटले अलीकडे. बटण दाबल्याशिवाय अलीकडचं अक्षरही पलीकडे जात नाही. पुटपुटायला कोण बटण दाबेल? मी भराभर बाकीच्या गोष्टी काढल्या. सगळीकडे तेच. काचेच्या अलीकडून पलीकडे माणसं अशी बोलतात जशी आम्ही स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलतो. एकाही गोष्टीत कुणी एकदाही बटण दाबत नाही. स्टुडिओत एक दिवस काम केलेला माणूससुद्धा ही चूक करणार नाही. पहिल्याच दिवशी तो काचेला तोंड लावून ओरडतो आणि सगळे हसतात. म्हणजे हे लिहिणाऱ्याने स्टुडिओ कधी बघितलेलाच नाही. म्हणूनच कुणाचा चेहरा नाही, टक्कल नाही, बटण नाही. त्याने हे सगळं फक्त ऐकलंय. कुणाकडून?

मग आठवलं. मालक त्या दिवशी खरंच तसं पुटपुटले होते. आत मी, बाबा आणि ते, एवढेच. बाईंना ऐकूच गेलं नव्हतं. बाई ते खायला घालण्याचं बोलल्या ते नंतर, बाहेर आल्यावर, चहाबरोबर काही नव्हतं म्हणून. दोन वेगवेगळ्या गोष्टी. त्या एकामागोमाग एक कुणी सांगितल्या असतील, तर त्या मी सांगितल्या. जेवताना. एकदाच. तरी मी मानायला तयार नव्हतो, इतका माझा आपल्या दुःखावर विश्वास. मी शेवटची गोष्ट काढली, जी मी पहिल्यांदा अर्धी वाचून रागाने बंद केली होती, कारण ती नुसती काडेपेटीवर आहे. त्यात लिहिलेलं: ‘काडेपेटी पेटायच्या आधी तिचे कान तापतात. पाळ्या आधी गुलाबी होतात, मग लाल, मग त्यांच्यावर पापड भाजता येईल. अशा वेळी तिच्याशी वाद घालू नये. दोन्ही कानांना गार हात लावावा आणि तिला बोलू द्यावं.’ मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. स्टुडिओत माझे कान कुणालाही दिसत नाहीत. दिवसभर ते हेडफोनखाली असतात. इतक्या सगळ्या गोष्टी, इतकी माणसं, आणि त्यात एकाच माणसाच्या अंगावरची एकच गोष्ट दिसते. लहानपणी मी भांडून घरी आलो की आई भांडी घासता घासता उठायची आणि ओले हात माझ्या कानांवर ठेवायची. “चुर्र झालं बघ,” म्हणायची. किल्लीवाला काहीतरी विचारत होता, पोरा, बरं नाही का? मी म्हणालो, “बरंय. खूप बरंय.” आणि उठलो.

घर लांब नाही, पण रस्ता आज निराळाच वाटत होता. ज्यांच्यावर मी रोज चिडतो ते सगळे रस्त्यात होते: फुटपाथवर स्कूटर लावणारा, खिडकीतून पाणी ओतणाऱ्या काकू, माझ्याकडे बघून शाळेचं विचारणारे ते रिटायर्ड गृहस्थ. त्यांनी विचारलंच, “काय रे, आत्ता या वेळी?” आणि मी चक्क हसलो. ते इतके दचकले की पुढचा प्रश्न विसरले. चालताना मनात एकच गोष्ट फिरत होती: बाबा. लिहिणारं कोण यावर घरात सगळ्यात मोठा सिद्धान्त बाबांचा होता. आयुष्यात इतकी लांब वाक्यं मी त्यांच्याकडून ऐकली नव्हती. “हा कुणीतरी मुरलेला संगीतकार आहे. वाद्यवृंद चालवलेला. एवढा कान असाच येत नाही,” असं ते घास हातात धरून म्हणाले होते, आणि मशीन एकदम जोरात पळायला लागलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं, आई वैतागली. आता कळतंय, ती पाय दाबून हसू दाबत होती.

दार उघडंच होतं. आई मशीनवर. मांडीवर कुणाची तरी पॅन्ट, तोंडात टाचण्या. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग परत माझ्याकडे. मी चपला काढल्या, पाणी प्यायलो, तिच्या समोरच्या स्टुलावर बसलो. पायरीपासून इथपर्यंत मी खूप भारी वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. मी म्हणालो, “आई, तिथे एक बटण असतं.”

मशीन थांबलं. ती भुवया उंचावून बघत राहिली.

“स्टुडिओत. काचेच्या अलीकडचं बोलणं आपोआप पलीकडे नाही जात. बटण दाबून धरलं तरच जातं.”

आईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचल्या. घाई नाही. शेवटची टोचून झाल्यावर म्हणाली, “दर वेळी?”

“दर वेळी.”

“काच असली तरी बाई समोर दिसतात ना?”

“दिसतात. ऐकू नाही जात.”

“म्हणजे साहेब पोटाबद्दल म्हणाले ते...”

“नाही गेलं.”

“अरे देवा! एवढ्या लोकांनी वाचलं रे ते!” असं म्हणून तिने पॅन्ट तोंडावर धरली. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. मग पॅन्टमधून असा काही आवाज आला की शेजारच्या खिडकीतली काकू डोकावली. आई हसत होती. ती हसायला लागली की तिला थांबता येत नाही, हे मी विसरूनच गेलो होतो. डोळ्यांतून पाणी, हाताने नुसतं ‘थांब, थांब’, आणि परत. मी पण हसायला लागलो. का ते माहीत नाही. बटण काही एवढं विनोदी नसतं.

“आणि मला सांगितलं का नाहीस मेल्या? इतकं सगळं सांगतोस, बटण तेवढं सांगत नाहीस!”

“मला काय माहीत तू लिहितेयस! मला वाटत होतं तू माझ्याशी बोलतच नाहीस.”

“टाचण्या तोंडात घालून काय भाषण देऊ? गिळल्या म्हणजे?” मग जरा हळू आवाजात म्हणाली, “आणि तुला मध्ये कुणी बोललं की तू तिथेच अडतोस. चिडतोस, उठून जातोस. मग पुढचं मला कसं कळायचं? गप्प बसलं की तू सांगत राहतोस. रंगवून सांगतोस. मी दिवसभर त्याचीच तर वाट बघते.”

पण ते एक राहिलं होतं, आत रुतून बसलेलं, आणि आज नाही विचारलं तर परत कधीच विचारता आलं नसतं. मी म्हणालो, “त्या दिवशी. शाळेत. मुख्याध्यापिकांसमोर. तू एक शब्द बोलली नाहीस.”

“त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता,” आई म्हणाली.

“काय?”

“तू बघितलं नाहीस? एवढा स्वतःला डोळस समजतोस! त्या ‘शिस्त’ म्हणाल्या की पुढे झुकायच्या आणि ‘भवितव्य’ म्हणाल्या की मागे. टक, टक. शिस्त, टक. भवितव्य, टक. मी तोंड उघडलं असतं तर हसले असते, आणि त्यांनी मलाही वर्गाबाहेर काढलं असतं.” ती परत हसली, पण या वेळी डोळे पुसायला पॅन्ट घेतली नाही, हाताची पाठ घेतली. “आणि रडलेही असते. माझं दोन्ही एकदमच येतं. म्हणून टेबलाच्या पायाकडे बघत बसले.”

म्हणजे इतके महिने मी जी शांतता ऐकत होतो, झोपेत, जेवताना, ती मी केलेलं भोक नव्हतीच. तिच्यात एक खुर्ची डुलत होती. मला असं वाटलं की कुणीतरी छातीवर ठेवलेलं पोतं उचललं, आणि उचलल्यावर कळलं की ते किती जड होतं. मी उगाचच टाचण्यांच्या गादीला हात लावला, टोचलं, ते पण बरं वाटलं.

मग मी तिला सकाळचं सगळं सांगितलं. मालक, मोबाइल, खुर्च्या, संध्याकाळ, आत्याकडची शाळा. ती टाचण्यांशिवाय ऐकत होती आणि एकदाही मध्ये बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “म्हणजे बाई चिडल्यात त्या बरोबरच चिडल्यात.”

“का? त्यांना गळाराणी म्हटलं म्हणून?”

“गळाराणीचा राग कोण धरेल! अरे, साहेब आपल्या पोटावर बोलले हे त्यांना माहीतच नव्हतं ना. बटण होतं. ते त्यांना माझ्याकडून कळलं. आता त्यांना विचारायचंय, खरंच बोलले का. आणि हे बाहेर सांगणारं माणूस कोण, ते बघायचंय. म्हणून तर तुझे मालक घाबरलेत. तुझ्यावर नाही रे ते ओरडत.”

मला वाटत होतं, बघणं म्हणजे फक्त मलाच जमतं. मी म्हणालो, “मी नाव सांगणार नाही. जाईन आत्याकडे.”

“आत्याकडे जाऊन काय करशील? आत्या तुझ्याहून तापट. दोन दिवसांत घर पेटेल.” तिने पॅन्ट झटकली, मशीनखाली सरळ केली. “मी येते. चूक माझी आहे, बाईंना मीच सांगायला पाहिजे. ही एक पॅन्ट उरकते, गिऱ्हाइकाचा मुलगा न्यायला येईल, शेजारी देऊन जाऊ.”

“आई, मालक ओरडतील.”

“ओरडू दे. मला नवीन काहीतरी लागतंच आहे.”

“आणि बाबा?”

यावर ती थांबली. पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारखी दिसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि बाबा जिथे दिवसभर असतात ती खोली तिने कधी बघितलेली नाही. कुणी चल म्हटलं नाही आणि तिने विचारलं नाही. “वाद्यवृंद चालवलेला मुरलेला संगीतकार,” ती पुटपुटली. “काय म्हणतील रे?”

“हं म्हणतील.”

“कसलं हं? त्यांचे चार प्रकार आहेत.”

“चार? मला एकच येतो ऐकू.”

“मग तू अजून कापायला शिक,” आई म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

ती पॅन्ट उरकत होती तेवढ्या वेळात मी हे लिहायला घेतलं. मी काही लिहिणारा नाही. पण सगळं आठवतंय तोवर, आणि ती लिहील त्याच्या आधी, माझ्या बाजूने एकदा लिहिलेलं असावं. कारण ती लिहील तेव्हा मी पायरीवर रडलो असं लिहील, आणि ते खोटं आहे, डोळ्यात किल्लीचा कीस गेला होता. बाई काय म्हणतील माहीत नाही. मालक मला ठेवतील का, तेही माहीत नाही. बाई हसतील, किंवा पुढचं पान कुणीच उलटणार नाही आणि सगळे मिळून मला आत्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवतील. गंमत म्हणजे सकाळी या विचाराने माझं डोकं फिरत होतं, आणि आत्ता मी आईच्या पायाकडे बघतोय, मशीनची पावटी कशी दाबतेय ते, आणि मला भूक लागलीय. आत्याचं घरसुद्धा काही वाईट नसेल. रविवारी येता येईल. ती मला तिथेही विचारेलच, मग काय झालं, मग कोण काय म्हणालं.

मशीन थांबलं. धागा तोडला. ती पॅन्टची घडी घालून शेजारी देऊन पण आली, आणि आता आरशासमोर उभी राहून विचारतेय की तिकडे बाहेरचा आवाज आत येत नाही तर आतलं माणूस हाक कशी मारतं. मी म्हणालो, दाखवतो. ती म्हणतेय दाखव मग, बसलायस काय, चप्पल घाल. दारात उभी आहे. मला आता निघायला हवं.